तीन आय-फाइव्ह आणि एक हळदीचा व्हिडिओ : प्रकल्प नोंदी

४ मे २०२४, शनिवार

पप्याचा फोन आला सकाळी. मावसभाऊ आहे, भुसावळातच त्याचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, लग्नाची शूटिंग घेतो. यंदा शुक्राचा अस्त असल्यामुळे मे महिन्यात मुहूर्त कमी, त्यामुळे पठ्ठ्या रिकामा आणि एप्रिलमधल्या लग्नांचे व्हिडिओ अजून एक्सपोर्ट व्हायचे बाकी. जुना कॉम्प्युटर मेलाय. म्हणे, "दादा, दुकानदार म्हणतो लॅपटॉप पण आय-फाइव्ह आणि डेस्कटॉप पण आय-फाइव्ह, उलट लॅपटॉपवाल्यात दहा कोर आणि डेस्कटॉपवाल्यात सहाच, मग लॅपटॉपच घेऊ ना, जागा पण कमी लागते."

मी बोलून गेलो की थांब, मोजून सांगतो. झालं, ओढवून घेतलं. आता हे लिहून ठेवतोय कारण मागच्या वेळी असं काहीतरी मोजलं होतं आणि कागद धोब्याकडे गेला होता शर्टासोबत.

घरात सोयीने दोन मशीन आहेत. माझा डेस्कटॉप, त्यात इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर. आणि बायकोचा लॅपटॉप, ज्यावर ती ऑनलाइन क्लास घेते, त्यात आय-फाइव्ह १२३५यू. पप्याला दुकानदाराने दाखवला तो पण नेमका १२३५यूच. दोन्ही इंटेलच्या बाराव्या पिढीतले, दोन्ही २०२२ च्या सुरुवातीचे. कागदावर बघितलं तर मजा आहे (कोर म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे गडी, थ्रेड म्हणजे एका वेळी किती कामं हातात घेता येतात, टर्बो म्हणजे कमाल वेग, एल-थ्री कॅश म्हणजे चिपमधलीच छोटी जलद मेमरी, बेस पॉवर म्हणजे कायम खायचे वॅट):

१२४०० : ६ कोर, सगळे मोठे, १२ थ्रेड, टर्बो ४.४ गिगाहर्ट्झ, एल-थ्री कॅश १८ एमबी, बेस पॉवर ६५ वॅट.

१२३५यू : २ मोठे कोर, ८ छोटे, मिळून १०, थ्रेड १२च, टर्बो ४.४च, एल-थ्री १२ एमबी, बेस पॉवर १५ वॅट.

म्हणजे थ्रेड तेवढेच, टर्बो तेवढाच, कोर जास्त. दुकानदार खोटं बोलत नव्हता एका अर्थाने. फक्त शेवटचा आकडा त्याने वाचून दाखवला नाही.

५ मे, रविवार

बायकोने लॅपटॉप दिला पण अटी घातल्या. शनिवार-रविवार किंवा रात्री नऊनंतर, आणि आत काहीही इन्स्टॉल करायचं नाही. म्हणून पेनड्राइव्हवर उबुंटू २४.०४ (विंडोजऐवजी चालणारं लिनक्स) टाकलं, एप्रिलच्या शेवटीच आलंय, दोन्ही मशीन त्यावरूनच चालू केली. हे बरंच झालं, दोन्हीकडे सॉफ्टवेअर एकच, अँटिव्हायरस मध्ये कडमडत नाही, विंडोज अपडेट नाही.

चाचणीसाठी पप्याकडूनच एका हळदीचा २० मिनिटांचा तुकडा आणला. फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे बरोबर ३०,००० फ्रेम. एफएफएमपेग नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने एक्स-२६५ मध्ये मिडियम प्रीसेटवर एन्कोड करायचा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाइलीत बसवायचा, आणि घड्याळ लावायचं. फ्रेमचा हिशोब सोपा पडावा म्हणून २० मिनिटं. आता त्या नवरदेवाचे काका ज्या पद्धतीने नाचतात ते मला फ्रेमनिशी पाठ होणार आहे असं दिसतंय.

डेस्कटॉप : १० मिनिटं २५ सेकंद. सेकंदाला ४८ फ्रेम.

लॅपटॉप : २४ मिनिटं ५ सेकंद. एकवीसच्या जरा आत.

दहा कोरवाल्याने सहा कोरवाल्याच्या सव्वादोन पट जास्त वेळ घेतला.

खोलीत थर्मामीटर ३७ दाखवतोय, बाहेरचं तर बोलायलाच नको. लॅपटॉप पलंगावर गोधडीवर ठेवला होता, हात लावला तर इस्त्री. टर्बोस्टॅटमध्ये (प्रोसेसरचे वॅट, वेग आणि तापमान दाखवणारा लिनक्सचा प्रोग्राम) पॅकेजचं, म्हणजे आख्ख्या चिपचं, तापमान ८८. कारण उघड आहे, तापला म्हणून मंदावला. डेस्कटॉपला मोठा कूलर, लॅपटॉपला बोटभर पंखा. विषय संपला, पप्याला सांगून टाकतो.

७ मे, मंगळवार

वरची शेवटची ओळ चुकीची आहे, खोडत नाही, राहू दे तशीच.

रात्री नऊनंतर परत लावला. या वेळी टेबलावर, मागची बाजू दोन काड्यापेट्यांवर उचलून, समोर टेबलफॅन. तापमान ८८ वरून थेट ६६ वर. मी मनात म्हटलं आता बघा. वेळ आला २३ मिनिटं ५० सेकंद.

बावीस अंश थंड झाला आणि फायदा किती, पंधरा सेकंद. म्हणजे गरम होणं हे कारण नव्हतंच. ६६ अंशावर बसलेल्या प्रोसेसरला वर शंभरपर्यंत जागा असते, तरी तो गप बसून होता. त्याला कोणी सांगितलं होतं गप बस म्हणून?

मग टर्बोस्टॅटच्या आकड्यांकडे नीट बघितलं, पहिल्या वेळी मी फक्त तापमानच बघत बसलो होतो. सुरुवातीचा पाऊण मिनिट जवळून बघण्यासारखा आहे. एन्कोड सुरू झाला की पॅकेज वॅट ४० ला जातात, मोठे कोर तीन गिगाहर्ट्झच्या वर, फ्रेम सेकंदाला ३४, पंखा किंचाळतो, तापमान ९४. साधारण २८ सेकंद हा तमाशा. आणि मग कोणीतरी नळ फिरवल्यासारखे वॅट ४० वरून १५. पंधरा म्हणजे पंधरा, १४.९ नाही की १५.३ नाही. मोठे कोर सोळाशे-सतराशे मेगाहर्ट्झवर आले, फ्रेम एकवीस, पंखा शांत, आणि पुढची तेवीस मिनिटं एकही आकडा हलला नाही.

हीच ती पीएल-वन आणि पीएल-टू भानगड. पीएल-टू म्हणजे थोडा वेळ किती वॅट खायचे ती मर्यादा, पीएल-वन म्हणजे कायम किती खायचे ती, आणि त्यांच्यामधला वेळ. इंटेलने १२३५यूला थोड्या वेळासाठी कमाल ५५ वॅट दिलेत, या लॅपटॉपच्या कंपनीने ४० च ठेवलेत, आणि कायमचे १५. लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे आमच्याकडचं नळाचं पाणी आहे, सुटलं की दणक्यात सुटतं, तेवढ्यात भरून घ्यायचं, मग करंगळीएवढी धार.

८ मे, बुधवार

छोटी नोंद. लॅपटॉपचा पॉवर मोड बॅलन्स्डवरून परफॉर्मन्सवर केला. कायमची मर्यादा १५ वरून २२ वॅटवर गेली. वेळ १८ मिनिटं ३१ सेकंद, तापमान ७८. प्रोसेसर तोच, स्क्रू न उघडता, एक बटण दाबून पाच मिनिटं वाचली. म्हणजे कोणी म्हणालं की "१२३५यूचा स्कोअर इतका" तर आधी विचारायचं, किती वॅटवर? दोन कंपन्यांच्या लॅपटॉपात हाच प्रोसेसर असेल आणि एकाने १५ ठेवला, दुसऱ्याने २५, तर ती दोन वेगळी मशीन समजायची खरं तर. आणि हा आकडा खोक्यावर कुठेच छापत नाहीत.

पुढच्या तुलना मात्र १५ वरच ठेवतोय, कारण बायको रोज बॅलन्स्डवरच वापरते, आणि पप्या तर हे सेटिंग जन्मात उघडणार नाही.

१० मे, शुक्रवार

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. काम नाही. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, मग झोप. माझी स्वतःची कायमची मर्यादा आज १५ वॅटच्या पण खाली होती.

११ मे, शनिवार

आज एकाच थ्रेडचं बघितलं. फाइली दाबून लहान करणाऱ्या सेव्हन-झिपची स्वतःची चाचणी, एका थ्रेडवर. डेस्कटॉप पुढे, पण किती, तर पाचेक टक्के. पाच! परवा सव्वादोन पट मार खाल्लेला लॅपटॉप इथे खांद्याला खांदा लावून उभा.

हे पण आता कळतं. दोन्हीकडचा मोठा कोर एकाच जातीचा, गोल्डन कोव्ह, आणि दोन्हीकडे ४.४ पर्यंत जातो. एकट्या कोरला पूर्ण दामटायला पंधरा-वीस वॅट पुरतात, तेवढे तर लॅपटॉपकडे आहेत, निदान पहिली २८ सेकंद तरी नक्की. म्हणून ब्राउझर उघडणं, वर्डमध्ये टायपिंग, एक्सेलची शीट, फोटोशॉपमध्ये एखादा फिल्टर, यात लॅपटॉप अजिबात मागे वाटत नाही, ही सगळी कामं दोन-चार सेकंदांची, नळ बंद व्हायच्या आत बादली भरलेली असते. दुकानात लॅपटॉप हाताळून बघतो तेव्हा आपण हेच तर करतो. दुकानात उभं राहून वीस मिनिटं एन्कोड कोण लावतो.

दुसरं म्हणजे दुपारी लाइट गेली, तेव्हा दोन्ही मशीनवर एन्कोड चालू होता. डेस्कटॉप आठव्या मिनिटाला गेला, सगळं पाण्यात, यूपीएसची बॅटरी मागच्या दिवाळीपासून बदलायची आहे ती बदललेली नाही, चूक माझीच. लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि त्याला काही फरकच पडला नाही, एकवीसचे एकवीस फ्रेम, १५ वॅट बॅटरीला जड नाहीत. अंधारात तो एकटाच हळदीचा पिवळा प्रकाश पाडत बसलेला, आणि बायको दारातून म्हणाली, "बघा, कोण कामाला येतं ते." ही नोंद तिच्या बाजूने.

१३ मे, सोमवार

आज मतदान, सुट्टी. सकाळी सातलाच जाऊन आलो, ऊन चढायच्या आत. शाई लागलेल्या बोटाने टाइप करतोय.

एक प्रश्न डोक्यात घोळत होता. फरक जर वॅटचाच असेल, तर डेस्कटॉपला पण १५ वॅटचा उपास घातला तर काय होईल? लिनक्समध्ये सोय आहे, पॉवरकॅपच्या फोल्डरात इंटेल-रॅपल म्हणून आहे, त्यातल्या फाइलीत आकडा लिहायचा, झालं. आकडा मात्र मायक्रोवॅटमध्ये. १५ वॅट म्हणजे १५ वर सहा शून्य.

मी पाचच दिली.

एंटर मारला आणि मशीन गेलं. बंद नाही पडलं, बंद पडलं असतं तर बरं. दीड वॅटवर जिवंत होतं. माउस हलवला की बाण तीन सेकंदांनी निघायचा, पोहोचायचा भलतीकडेच. आकडा दुरुस्त करावा म्हणून टाइप केलं तर एकेक अक्षर असं उमटत होतं जसं कोणी आत बसून दगडावर कोरतंय. पाच मिनिटं नाद केला, मग पॉवरचं बटण दाबून धरलं. नशीब, रीस्टार्ट झालं की मर्यादा आपोआप मूळ जागी येते.

दुसऱ्यांदा शून्यं बोटाने मोजून टाकली, आणि लांबच्या मर्यादेसोबत थोड्या वेळाची मर्यादा पण १५ केली, नाहीतर सुरुवातीची उसळी राहून जाते.

डेस्कटॉप मोकळा (एन्कोडला ६८ वॅटच्या आसपास खातो) : १० मि. २५ से.

डेस्कटॉप ३५ वॅटवर : १३ मि. ५३ से.

डेस्कटॉप १५ वॅटवर : २८ मि. ३४ से.

लॅपटॉप त्याच्या रोजच्या १५ वर : २३ मि. ५० से. आणि त्यात ती पहिली २८ सेकंद ४० वॅटची आहेत, पण त्याने फार तर पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडतो.

मी हे दोनदा लावून बघितलं. सारखंच अन्न दिलं तर लॅपटॉपचा प्रोसेसर जिंकतो, आणि चांगला पावणेपाच मिनिटांनी जिंकतो. म्हणजे तो कमजोर नाही, तो उपाशी आहे, आणि उपाशीपोटी काम कसं करायचं हे त्याला डेस्कटॉपवाल्यापेक्षा जास्त चांगलं येतं. ते आठ छोटे कोर याचसाठी आहेत, एकेकटे मोठ्याच्या पासंगाला पुरत नाहीत पण थोड्या वॅटमध्ये सगळे मिळून बरंच उरकतात. सहा मोठ्या कोरांना १५ वॅटमध्ये बसवणं म्हणजे सहा पैलवानांना एक भाकरी.

आणि मधला ३५ वॅटचा आकडा बघा. वॅट जवळपास अर्धे केले तरी वेग पाऊण राहिला. कारण चिप जे वॅट खाते ते साधारण व्होल्टेजच्या वर्गाला फ्रिक्वेन्सीने गुणून वाढतात, आणि फ्रिक्वेन्सी वाढवायची तर व्होल्टेज पण वाढवावं लागतं, म्हणून शेवटचे पाचसहाशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात. इंटेल स्वतःच १२४००टी नावाने ३५ वॅटचा भाऊ विकते, बँकेच्या काउंटरवर असतात ना ते छोटे डबे, त्यात टाकायला.

१८ मे, शनिवार

शेजारच्या काकूंचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आलाय, त्याच्याकडे गेमिंग लॅपटॉप आहे. त्यात आय-फाइव्ह १२४५०एच. गंमत म्हणजे हा पण १२ थ्रेड, हा पण ४.४ गिगाहर्ट्झ, एल-थ्री १२ एमबी, कोर मात्र ४ मोठे आणि ४ छोटे, बेस पॉवर ४५ वॅट. माझ्या तक्त्यात बरोबर मध्ये बसणारा. मला काका म्हणतो, वय काही एवढं नाही माझं, पण लॅपटॉप दिला म्हणून ऐकून घेतलं. अ‍ॅडॉप्टर विटेएवढं.

परफॉर्मन्स मोडवर लावला. ४५ वॅट धरून ठेवले शेवटपर्यंत, सेकंदाला ४१ फ्रेम, १२ मिनिटं १२ सेकंद. डेस्कटॉपच्या बराच जवळ. पण तापमान ९१ आणि आवाज असा की आई देवघरातून विचारायला आली की मिक्सर कोणी लावलाय. सायलेंट मोडवर टाकला तर ३० वॅट आणि ३३ फ्रेम.

म्हणजे "लॅपटॉप" असा एक शब्द वापरणंच चूक आहे. नावाच्या शेवटी यू असलेला आणि एच असलेला यांच्यात जेवढा फरक आहे तेवढा एच आणि डेस्कटॉपमध्ये नाही. आणि त्याच्यापण वर एचएक्स आहे, तो तर डेस्कटॉपचाच तुकडा, लॅपटॉपच्या बोर्डावर चिकटवलेला. उलटं पण होतं, हातात मावणारे मिनी पीसी मिळतात त्यात बऱ्याचदा लॅपटॉपचाच एच प्रोसेसर असतो.

पोराने जाताना एक काम चांगलं केलं. त्याने रॅम वाढवली होती, जुनी ८ जीबीची काडी त्याच्याकडे पडून होती, म्हणे काका लावून बघा. बायकोच्या लॅपटॉपात एकच काडी आहे आणि एक जागा रिकामी.

१९ मे, रविवार

लॅपटॉप उघडायची परवानगी मिळवण्यात अर्धा दिवस गेला. शेवटी ती समोर स्टूल टाकून बसली आणि प्रत्येक स्क्रू वाटीत मोजून घेतला. काडी बसली.

एक्स-२६५ ला विशेष फरक नाही, २३:५० चं २३:२० झालं. सेव्हन-झिप सगळ्या थ्रेडवर मात्र चौदा-पंधरा टक्के वाढलं, त्याला मेमरी लागते भरपूर. डेस्कटॉपात आधीपासून दोन काड्या आहेत, म्हणजे या आधीच्या झिपच्या तुलनेत मी लॅपटॉपवर थोडा अन्यायच केला होता. नोंद करून ठेवतो. ग्राफिक्सला तर फरक पडतोच, एक काडी असली की इंटेल त्याला आयरिस एक्सई म्हणत पण नाही, नुसतं यूएचडी दाखवतं, दोन काड्या लागल्या की मगच ते नाव येतं.

बसल्या बसल्या पप्याला नावांचा घोळ समजावला फोनवर. त्याला मागे एकाने सेकंडहँड आय-फाइव्ह लॅपटॉप दाखवला होता, ८२५०यू. २०१७ सालचा, ४ कोर ८ थ्रेड, १५ वॅट. त्याच वर्षी डेस्कटॉपला ८४०० आला, ६ कोर ६ थ्रेड, ६५ वॅट. दोघांवर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह हेच लिहिलेलं. आणि त्याच्या एक पिढी मागे तर आय-सेव्हन ७५००यू मध्ये कोर किती, तर दोन. दोन! आय-सेव्हन लिहिलेलं. डेस्कटॉपच्या ७७०० मध्ये तेव्हा चार होते.

आणि इंटेलचे प्रतिस्पर्धी एएमडीवाले काही कमी नाहीत. रायझन फाइव्ह ५५००यू आणि ५६००यू, नावात शंभराचा फरक, पण पहिला झेन-टू आणि दुसरा झेन-थ्री, आख्खी पिढी वेगळी. आणि यू नसलेला ५५०० घेतला तर तो डेस्कटॉपचा, झेन-थ्रीचा. पप्या म्हणाला, "दादा, हे तर आपल्या गावातल्या पाटलांसारखं झालं भो, आडनाव एकच, कोण कोणाचा कोणाला माहीत." याच्यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

याला अपवाद एकच चटकन आठवतो. अ‍ॅपलने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम-वन काढला तो मॅकबुक एअरमध्ये पण तोच आणि मॅक मिनीमध्ये पण तोच. एअरला पंखाच नाही. तिथे थोड्या वेळाच्या कामात दोघं सारखेच आणि लांबलचक कामात पंखावाला पुढे, एकदम स्वच्छ तुलना, नावाची फसवाफसवी नाही. पण पप्याचं बजेट तिकडे नाही, त्यामुळे तो विषय तिथेच.

२२ मे, बुधवार

पप्याने एक चांगला प्रश्न विचारला, जो मला सुचायला हवा होता. म्हणे माझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग म्हणून टिकमार्क असतो, तो लावला तर?

लावून बघितलं. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओसाठी वेगळा भाग असतो, क्विक सिंक म्हणतात, तो कोर वापरतच नाही फारसा. तोच वीस मिनिटांचा तुकडा:

डेस्कटॉप : २ मि. ३५ से.

१२३५यू : २ मि. २० से.

लॅपटॉप पुढे! तीन आठवडे मी जो फरक मोजतोय तो एका टिकमार्कने गायब, वर उलटा. तोंडात मारल्यासारखं झालं जरा.

मग दोन्ही फाइली शेजारी लावून बघितल्या. फाइल साइज सारखी ठेवली तर क्विक सिंकवाल्यात मांडवाच्या पिवळ्या कापडावर पट्टे दिसतात, जिथे रंग हळूहळू फिका होत जातो तिथे, आणि हळद उडते त्या शॉटमध्ये चौकोन चौकोन. एक्स-२६५ वाल्यात नाही. मोबाइलवर बघणाऱ्याला कळणार नाही, टीव्हीवर बघणाऱ्या नवरीच्या मामाला कळेल. पप्या म्हणाला की रील आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लिप क्विक सिंकने आणि मुख्य तीन तासांची फिल्म सॉफ्टवेअरने. हे त्याचं त्यानेच ठरवलं, मला पटलं.

तीन तासांच्या फिल्मचा हिशोब करून ठेवला, याच वेगाने : डेस्कटॉप १ तास ३४ मिनिटं, गेमिंग लॅपटॉप १ तास ५० मिनिटं, १२३५यू ३ तास ३४ मिनिटं. शेवटचा आकडा फिल्मपेक्षा मोठा आहे, म्हणजे फिल्म बघून संपेल पण एक्सपोर्ट संपणार नाही.

२५ मे, शनिवार

विजेचा हिशोब. प्लगमध्ये लावायचा मीटर आणलाय एका मित्राचा.

वीस मिनिटांचा तुकडा एकदा एन्कोड करायला भिंतीतून :

डेस्कटॉप १०५ वॅट, साडेदहा मिनिटं, १८ वॅट-तास.

गेमिंग लॅपटॉप ७५ वॅट, सव्वाबारा मिनिटं, १५ वॅट-तास.

१२३५यू ३० वॅट, चोवीस मिनिटं, १२ वॅट-तास.

सगळ्यात हळू तोच सगळ्यात स्वस्त. आणि लॅपटॉपच्या आकड्यांत स्क्रीन धरलेली आहे, डेस्कटॉपचा मॉनिटर मी मीटरवर घेतला नव्हता, तो धरला तर डेस्कटॉप अजून वर जाईल. पण हे सगळं किती, तर शंभर वेळा एन्कोड केलं तरी १.८ युनिट विरुद्ध १.२ युनिट. एवढ्यासाठी कोणी मशीन बदलत नाही.

खरं वीजबिल दुसरीकडेच आहे. काही न करता नुसता चालू असताना डेस्कटॉप २८ वॅट खातो, लॅपटॉप ७. पप्याचं दुकान दहा तास उघडं, त्यातले आठ तास कॉम्प्युटर गिऱ्हाइकाला फोटो दाखवायला नुसता चालू. महिन्याला पाच युनिट तरी नुसते बसून खाण्यात. मी त्याला म्हटलं रिकामा असेल तेव्हा स्लीपवर टाकत जा, तो हो म्हणाला, टाकणार नाही.

२६ मे, रविवार

पप्याने डेस्कटॉप घेतला. १२४००च, दोन रॅमच्या काड्या मागून घेतल्या, आणि यूपीएस नवीन बॅटरीचा, माझी ११ मेची गोष्ट ऐकून. आणि १२४००एफ नको म्हणून मी बजावलं होतं, थोडा स्वस्त मिळतो पण त्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंक पण नाही, आणि त्याच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड पण नाही. दुकानदाराने आधी एफच काढला होता कपाटातून, म्हणे सेमच आहे.

संध्याकाळी जोडणी केली, पहिला एन्कोड त्याच हळदीचा. १० मिनिटं ३१ सेकंद, माझ्यापेक्षा सहा सेकंद जास्त. त्याच्या पत्र्याच्या दुकानात तापमान जास्त आहे म्हणून असेल असं लिहिणार होतो, पण ७ मेला शहाणपण आलंय. टर्बोस्टॅट बघितला, वॅट सारखेच, कोर सारखेच, त्याच्या रॅमचा वेग बोर्डाने कमी धरला होता. बायॉसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडणारी बोर्डाची सेटिंग) जाऊन एक सेटिंग बदललं, १०:२४.

बायकोचा लॅपटॉप परत केला, पुसून, स्क्रू मोजून. रॅमची काडी काढायला गेलो तर म्हणाली राहू दे, क्लासमध्ये स्क्रीन शेअर करताना आता अडकत नाही. आता त्या पोराला काडीचे पैसे द्यावे लागतील. काका म्हणतोय, तर कमी करून देईल का विचारतो.